निर्वासित आणि स्थलांतरितांसोबत काम करायचं असेल तर: पुण्यात राहून करायची तयारी

‘निर्वासित सेवा’ अशा नावाची पदवी पुण्यात मिळत नाही. समाजकार्याची मिळते, कायद्याची मिळते, परदेशी भाषांची प्रमाणपत्रं मिळतात. हे काम या तिन्हींच्या सांध्यावर चालतं आणि तो सांधा ज्याचा त्याने जुळवायचा असतो. खालचा आराखडा तीन वर्षांचा आहे: दोन वर्षं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि एक वर्ष पहिल्या नोकरीचं.

आधीच एक स्पष्ट सांगायला हवं. कळवळा असणं चांगलंच, पण त्यावर कोणाचा व्हिसा वाढत नाही. या क्षेत्रात उपयोगी पडणारा माणूस दोन गोष्टी करतो: समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो आणि त्याचे कागद बिनचूक ठेवतो. पुढचं जवळजवळ सगळं प्रशिक्षण या दोन गोष्टींचंच आहे.

आधी शब्द साफ करा

मराठीत आपण ‘निर्वासित’ हा शब्द सैल वापरतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांमुळे पिंपरी कॅम्प वसला, ते निर्वासित. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, तेही निर्वासित. मुळशी धरणात जमीन गेलेले शेतकरी, ज्यांच्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ च्या सुमारास सत्याग्रह लढवला, ते मात्र विस्थापित. आजच्या सरकारी भाषेत प्रकल्पग्रस्त. बिहारहून हिंजवडीच्या बांधकामावर आलेला मजूर स्थलांतरित. छळाच्या भीतीने देश सोडून आला, पण अर्जाचा निर्णय अजून लागलेला नाही, तो आश्रयार्थी. आणि कुठलाच देश ज्याला आपला नागरिक मानत नाही, तो राज्यविहीन.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. प्रत्येक शब्दामागे वेगळं कार्यालय, वेगळा कायदा आणि वेगळी मुदत उभी आहे. मजुराला रेशनसाठी पुरवठा कार्यालयात जायचं असतं, आश्रयार्थीला दिल्लीत अर्ज करायचा असतो. पहिल्याच दिवशी चुकीचा शब्द लिहिला गेला की माणूस चुकीच्या रांगेत महिना घालवतो.

पुण्यात आणखी एक गट मोठा आहे, परदेशी विद्यार्थ्यांचा. अफगाणिस्तान, येमेन, सुदान या देशांतून मुलं इथे शिकायला येतात. ती विद्यार्थी व्हिसावर, पूर्ण कायदेशीर येतात. मग मागे देशात सत्ता उलटते किंवा युद्ध पेटतं आणि परतीची वाट बंद होते. ऑगस्ट २०२१ नंतर अनेक अफगाण विद्यार्थ्यांचं हेच झालं. कागदावर विद्यार्थी, प्रत्यक्षात परत जाऊ न शकणारा: पुण्यातल्या कार्यकर्त्यासमोर बहुतेक वेळा असाच माणूस बसलेला असतो.

पदवी: कुठे आणि काय विचारून

एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कर्वेनगरची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देते. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि भारती विद्यापीठ इथेही अभ्यासक्रम आहे. पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, १९३६ पासूनची. तिची एक शाखा तुळजापूरलाही आहे. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा दूरशिक्षणाचा एमएसडब्ल्यू हा पर्याय आहे, पण त्यात क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत किंवा वस्तीवर जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, स्वतःच पाठपुरावा करून पदरात पाडून घ्यावं लागतं. ढिलाई झाली तर पदवी हातात येते आणि हात कोरा राहतो.

प्रवेश घेण्यापूर्वी इमारत पाहू नका, क्षेत्रकार्याची यादी मागा. गेल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांना कोणत्या संस्थांत पाठवलं? तिथे मार्गदर्शन करणारी व्यक्ती प्रशिक्षित समाजकार्यकर्ता आहे की कार्यालयीन व्यवस्थापक? आयसी, म्हणजे शिक्षकासोबतची वैयक्तिक चर्चा, दर आठवड्याला होते की सत्राच्या शेवटी चार सह्या एकदम होतात? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माजी विद्यार्थ्यांकडूनच खरं मिळतं.

बहुतेक महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग पूर्णवेळ काम. पहिल्या वर्षी थेट निर्वासितांचं काम मागू नका. ते पुण्यात फारसं उपलब्ध नाही, आणि नवख्याने तिथे शिकावं असं ते कामही नाही. पहिलं वर्ष बांधकाम मजुरांच्या वस्तीवर काढा. डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाइल क्रेशेस या पुण्यातल्या संस्था बांधकामावरच्या मुलांसोबत काम करतात. अशा ठिकाणी शाळाप्रवेश, लसीकरण, रेशन, मजुरीची थकबाकी हे सगळं एकाच घरात पाहायला मिळतं. दुसऱ्या वर्षी रुग्णालय किंवा कायदेविषयक मदत केंद्र मागून घ्या. ब्लॉक प्लेसमेंट मात्र दिल्लीत निर्वासितांसोबत काम करणाऱ्या संस्थेत करायचा प्रयत्न करा आणि अर्ज चार-सहा महिने आधी पाठवा, कारण संस्थेला पोलीस पडताळणी आणि गोपनीयतेचा करार या दोन्हींना वेळ लागतो.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. क्षेत्रकार्याचे एकूण तास, संस्थेचं नाव आणि केलेलं काम असं लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र महाविद्यालय सोडण्यापूर्वीच घ्या. सोबत अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत. पुढे ब्रिटन किंवा कॅनडात ‘सोशल वर्कर’ म्हणून नोंदणी करायची वेळ आली तर हेच मागतात. तिथे हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. दहा वर्षांनी हे पत्र मागायला गेलात तर विभागात तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं.

कायदा: वकील न होता जेवढा हवा तेवढा

एलएलबीची गरज नाही. पण सहा महिने, आठवड्याला चार तास, मूळ कायदे स्वतः वाचायचे. सारांशावर विसंबू नका.

पाया असा आहे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९६७ चा प्रोटोकॉल, या दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा देशांतर्गत कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार आणि इतर देशांतल्या लोकांची नोंदणी आणि दर्जानिश्चिती, म्हणजे निर्वासित म्हणून मान्यता द्यायची की नाही हा निर्णय, यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची संस्था दिल्लीतून करते. तिचं ओळखपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. तो फरक पहिल्या भेटीतच समजावून सांगा, नाहीतर माणूस कार्ड खिशात घालून निर्धास्त फिरतो.

परदेशी नागरिकांचा कायदा नुकताच बदलला आहे आणि जुन्या नोट्स इथेच दगा देतात. १९२० चा पासपोर्टविषयक कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा, हे चारही रद्द करून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट २०२५’ आणला गेला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्यात त्या व्यक्तीवरच होता, नव्यातही तो तसाच आहे. याचा चटका फक्त परदेशी माणसाला बसत नाही. पश्चिम बंगालमधून आलेला बांगलाभाषक मजूर संशयावरून पोलीस ठाण्यात बसवला जातो तेव्हा त्याच्या गावाकडचा शाळेचा दाखला, आईवडिलांचं मतदार यादीतलं नाव, ग्रामपंचायतीचं पत्र हे तासाभरात मागवता आलं पाहिजे. म्हणून वस्तीवर काम करताना प्रत्येक कुटुंबाच्या गावाकडच्या एका माणसाचा फोन नंबर आधीच नोंदवून ठेवावा.

दोन तारखांची गल्लत सतत होते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी प्रवेशाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे. २०२५ च्या सूट आदेशात याच गटांसाठी ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख येते, पण ती फक्त कागदपत्रं नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट आहे, नागरिकत्व नाही. ‘तारीख वाढली, आता नागरिकत्व मिळेल’ असं कोणाला सांगितलंत तर ते तुमच्या भरवशावर अर्ज करतील आणि अडकतील.

संविधानाचं एक वाक्य पाठ हवं: कलम १४ आणि २१ ‘व्यक्ती’ला लागू आहेत, फक्त नागरिकाला नाहीत. कलम १९ मात्र नागरिकांपुरतं आहे. चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे हे स्पष्ट केलं. दुसऱ्या बाजूचं वाचनही करा: २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या आदेशात, ठरलेली प्रक्रिया पाळून परत पाठवायला न्यायालयाने मज्जाव केला नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कोणालाही ‘काही होणार नाही’ असं सांगू नये.

कायद्याचा सल्ला आणि कायद्याची माहिती यांत रेघ आहे. कोणता फॉर्म, कोणतं कार्यालय, कोणती मुदत हे तुम्ही सांगू शकता. अर्ज करावा की नाही, न्यायालयात काय बोलावं हे वकिलाचं काम. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रीतसर पाठवा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, कोठडीतली व्यक्ती आणि मानवी तस्करीचे बळी यांना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००.

कागद: इथेच निम्मं काम बिघडतं

परदेशी व्यक्तीची व्हिसाविषयक बहुतेक कामं आता ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून होतात आणि पुण्यात ती पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागाच्या अखत्यारीत येतात. विद्यार्थ्याच्या मुदतवाढीला सर्वसाधारणपणे फोटो, पासपोर्ट, व्हिसा, महाविद्यालयाचं बोनाफाईड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. अडतं ते पत्त्यावर. घरमालकाने भाडेकरू परदेशी असल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. अजूनही सगळे त्याला सी फॉर्मच म्हणतात. बरेच मालक ते भरत नाहीत, काहींना ते माहीतच नसतं, काही कर चुकवायला लिव्ह अँड लायसन्स करारच नोंदवत नाहीत. मालकाशी भांडून उपयोग नाही. संगणक घेऊन त्याच्यासमोर बसा आणि फॉर्म भरून द्या. वीस मिनिटांचं काम असतं.

दुसरी अडचण पासपोर्टची. मुदत संपलेल्या पासपोर्टवर मुदतवाढ मिळणं कठीण आणि नवा पासपोर्ट देणारा दूतावासच बंद. दिल्लीतला अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हा असंच झालं. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर दोन तारखा मोठ्या अक्षरांत लिहा: पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो. व्हिसाच्या तारखेच्या ९० दिवस आधी एक आणि ६० दिवस आधी दुसरी आठवण कॅलेंडरला लावा.

तारखांचं गणित वेगळंच शिकावं लागतं. अफगाण आणि इराणी कागदांवर हिजरी शम्सी वर्ष असतं. त्यांचं नवं वर्ष २० किंवा २१ मार्चला सुरू होतं. त्या वर्षात ६२१ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेपर्यंतच्या दिवसांसाठी ६२२ मिळवायचे. म्हणजे १३७८ हे १९९९-२००० होतं. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. अनेकांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण फक्त वर्ष माहीत होतं आणि कोणीतरी कारकुनाने पहिला दिवस टाकला. एका कागदावर १ जानेवारी आणि दुसऱ्यावर खरी तारीख असेल तर मुलाखत घेणाऱ्याला वाटतं माणूस खोटं बोलतोय. विसंगती लपवू नका. ती का आली हे एका ओळीत लिहून फाइलला जोडा.

नावांचंही तसंच. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा साचा आहे. अफगाण माणसाला एकच नाव असू शकतं आणि अरबी नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलं जातं. पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाच्य ओळींत जसं आहे तसंच सगळीकडे लिहायचं, हा नियम.

याचा सराव घरीच होतो. स्वतःच्या आजीचं आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. नावाची किती रूपं सापडतात, जन्मतारीख किती वेळा बदलते ते एका तक्त्यात मांडा आणि प्रत्येक फरकाचं कारण शोधा. हा तक्ता नीट जमला की परक्या माणसाची फाइल हाताळायला तुम्ही तयार आहात.

मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवू नका. पाहायचे, प्रत घ्यायची, त्याच बैठकीत परत द्यायचे. आणि पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कितीही घाई असो. फाइलवर नाव नसतं, क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या कुलपात.

ऐकणं

पहिल्या भेटीला दीड तास राखून ठेवा. क्रम असा: आज रात्री झोपायला जागा आहे का, जेवण आहे का, औषध चालू आहे का, कोणी धमकावतंय का, कोणत्या कागदाची मुदत संपत आलीय. देश का सोडला हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि तुमच्या कामाला त्याची गरज असेल तरच. नवशिके उलटं करतात. ते कहाणीपासून सुरुवात करतात, माणूस रडतो, कार्यकर्ता हेलावतो आणि दोन तासांनी लक्षात येतं की व्हिसा परवा संपतोय.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा. ‘तुम्ही तिथून का निघालात?’ हे पोलीस ठाण्यात विचारलं जातं. ‘निघायचं ठरलं त्या दिवशी काय झालं होतं?’ याने तीच माहिती मिळते आणि माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही. छळाचे तपशील उत्सुकतेपोटी उकरू नयेत. दिल्लीतल्या मुलाखतीत त्याला ते सांगावंच लागणार आहे. तुमच्याकडे त्याची रंगीत तालीम नको. आणि एक पक्का नियम: काय सांगितलं तर दर्जा मिळेल हे कधीही शिकवायचं नाही. शिकवलेली गोष्ट दुसऱ्या मुलाखतीत उघडी पडते आणि मग त्याचं खरं दुःखही खोटं ठरतं.

नोंद चोवीस तासांच्या आत लिहा आणि तीन प्रकार वेगळे ठेवा: त्यांनी शब्दशः काय सांगितलं, तुम्ही काय पाहिलं, तुम्हाला काय वाटलं. ‘ती खचलेली आहे’ हे तिसरं आहे. ‘बोलताना दोनदा थांबली, मुलाचं नाव आलं की खिडकीकडे पाहत होती’ हे दुसरं. क्षेत्रकार्याची नोंदवही, म्हणजे जर्नल, तपासताना शिक्षक सर्वाधिक लाल शाई इथेच वापरतात, आणि वापरायलाच हवी.

दुभाष्यासोबत काम करणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. बसण्याची रचना त्रिकोणी: तुम्ही आणि समोरची व्यक्ती एकमेकांकडे पाहू शकाल अशी, दुभाषी बाजूला. बोलायचं थेट त्या व्यक्तीशी, ‘तिला विचारा की’ असं नाही. एका वेळी दोन वाक्यं, मग थांबा. दुभाष्याने ‘मी’ म्हणूनच अनुवाद करायचा. ‘तो म्हणतोय की’ सुरू झालं की तपशील गळू लागतात. बैठकीचा वेळ दुप्पट धरा. आधी दहा मिनिटं दुभाष्याला विषय सांगा, नंतर दहा मिनिटं त्याचं ऐका, कारण जड गोष्टी त्याच्या तोंडून गेलेल्या असतात.

मुलांना दुभाषी करू नका. शाळेत जाणाऱ्या मुलाला हिंदी पटकन येतं आणि आईचा स्त्रीरोगाचा त्रास डॉक्टरांना तोच सांगतो. हे पुण्यात रोज घडतं आणि चूक आहे. शेजारी किंवा नातेवाईकही टाळावा, विशेषतः घरगुती हिंसेचा संशय असेल तेव्हा. भाषा नेमकी कोणती हेही विचारा. अफगाण म्हणजे दरी की पश्तो? हजारा आणि पश्तून हे तिथले दोन वेगळे समाज. हजारा माणसाला पश्तून दुभाषी चालेल का, हे त्यालाच एकट्यात विचारावं. इराणी फारसीचा जाणकार दरी समजू शकतो, पण रोजच्या शब्दांत अडखळतो. रोहिंग्यांची भाषा चितगावच्या बोलीला जवळची आहे. कोलकात्याची प्रमाण बांगला बोलणारा दुभाषी अर्धंच समजेल आणि समजल्यासारखं दाखवेल.

मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे. आपली कचेरीची भाषा फारसीवर पोसलेली. अर्ज, तारीख, मुदत, वकील, हजर, कागद: दरी बोलणाऱ्याला हे शब्द ओळखीचे वाटतात. फक्त ‘दस्त’ म्हणताना जपून. तुमच्या डोक्यात नोंदणीचा दस्त असतो, त्याच्या भाषेत दस्त म्हणजे हात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे, तिथे जर्मन, फ्रेंचसारख्या भाषा शिकता येतात. युरोपात काम करायचं असेल तर त्या हव्यात. पुण्यातल्या रोजच्या कामासाठी मात्र बरी हिंदी-उर्दू आणि कामापुरती दरी किंवा अरबी जास्त उपयोगी.

सरावासाठी वर्गातले तिघे घ्या. एकाला फक्त कन्नड किंवा तेलुगू बोलायला सांगा, दुसरा दुभाषी, तिसरा कार्यकर्ता. वीस मिनिटांची बैठक ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना मोजा: किती वाक्यं गळली, किती नवी घुसली. पहिल्या वेळी आकडा पाहून सगळेच गप्प होतात.

शाळा, रेशन, दवाखाना

शाळाप्रवेश हा सगळ्यात सोपा विजय आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं. मुख्याध्यापक नाही म्हणतात ते बहुधा ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो म्हणून. कायद्याचं कलम छापून न्या, पण आधी चहा घ्या. कलम पहिल्याच वाक्यात काढलं की उरलेली दहा मुलं अडतात.

रेशनचं: बिहार किंवा ओडिशाचं राष्ट्रीय अन्नसुरक्षेखालचं कार्ड असेल तर पुण्यातल्या रास्त भाव दुकानातही धान्य मिळतं, आणि थोडा वाटा गावाकडच्या कुटुंबाने उचलला तरी चालतो. आधार जोडलेलं नसणं आणि घासलेल्या बोटांचे ठसे न जुळणं, या दोनच अडचणी पुन्हा पुन्हा येतात. बांधकाम मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदार ते द्यायला टाळतो, कारण त्यातून मजूर त्याच्याकडे होता हे सिद्ध होतं. हजेरीपुस्तकाचे फोटो, मुकादमाने पाठवलेले पैशांचे मेसेज हे साठवायला मजुरांना पहिल्या दिवसापासून शिकवा.

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. त्यांची ओळख पहिल्याच वर्षी करून घ्या. रात्रीच्या एका फोनने जे होतं ते पाच पत्रांनी होत नाही. तातडीच्या रुग्णाला कागद नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते सांगितलंय. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, पण उत्पन्नाचा पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा दाखला मागतात आणि परदेशी माणसाकडे दोन्ही नसतात. अशा वेळी नियमावर अडून न राहता रुग्णालयाच्या समाजकार्य विभागाला संस्थेच्या पत्रावर परिस्थिती लिहून द्या आणि ते पत्र भरतीच्या आधी पोहोचेल असं पाहा. बिल झाल्यावर सवलत मागणं फार जड जातं.

गोपनीयतेची हद्द

‘तुम्ही सांगाल ते माझ्याकडेच राहील’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा: तुमची माहिती मी तुमच्या परवानगीशिवाय कोणाला देणार नाही, फक्त मुलाला किंवा तुमच्या जिवाला धोका असेल तर द्यावी लागेल. संमतीपत्र त्या व्यक्तीच्या भाषेत वाचून दाखवायचं. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला, त्याला संमती म्हणत नाहीत. मुलांसाठी १०९८, मानसिक तणावासाठी टेली-मानसचा १४४१६, तातडीला ११२ हे क्रमांक फाइलच्या आत चिकटवून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या झोपेवरही हे काम परिणाम करतं. ऐकलेली दृश्यं रात्री दिसू लागली, वस्तीवर जायचा कंटाळा येऊ लागला, किंवा उलट, सुट्टीतही फोन बंद करवेना, तर ते पर्यवेक्षकाला सांगा. पर्यवेक्षक नसेल तर दोन सहकाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा तासभर बसावं. आपला खासगी नंबर देऊ नका. कामाचा वेगळा सिम घ्या आणि तो संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद करा.

नोकरी

पुण्यात ‘निर्वासित’ या नावाने जाहिरात क्वचितच निघते. शोधायचे शब्द वेगळे: केसवर्कर, समुदाय समन्वयक, स्थलांतरित संसाधन केंद्र, परदेशी विद्यार्थी कक्ष, रुग्णालयातला वैद्यकीय समाजकार्यकर्ता. विद्यापीठं आणि खासगी महाविद्यालयांतल्या परदेशी विद्यार्थी कक्षांत व्हिसाच्या कागदांची जाण असलेल्या माणसाची खरी चणचण असते आणि समाजकार्याचे पदवीधर तिथे अर्जच करत नाहीत. थेट निर्वासितांचं काम हवं असेल तर दिल्ली, चेन्नई किंवा यूएन व्हॉलंटियरची पदं. २०२५ मध्ये निधीकपातीमुळे यूएनएचसीआरने जगभर मनुष्यबळ कमी केलं, तेव्हा फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मुलाखतीत पगाराआधी प्रकल्पाची मुदत विचारा. परदेशी निधीवरच्या संस्थांना त्या निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतला २० टक्क्यांहून जास्त भाग प्रशासकीय खर्चावर वापरता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाही. छोट्या संस्थांतल्या नोकऱ्या त्यामुळे डळमळीत झाल्या. करार ११ महिन्यांचा आहे का, भविष्य निर्वाह निधी आहे का, प्रवासभत्ता वेगळा मिळतो का, पर्यवेक्षक कोण, एका कार्यकर्त्याकडे एका वेळी किती फाइल्स असतात हे विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं नाही तर तिथे नोंदीच ठेवत नाहीत असं समजा.

भारतात समाजकार्यकर्त्यांसाठी डॉक्टरांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णालयात जायचं असेल तर त्याखालच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा.

अर्जासोबत भारंभार प्रमाणपत्रं जोडण्यापेक्षा एक नमुना फाइल जोडा: काल्पनिक व्यक्ती, खऱ्यासारखी परिस्थिती, पहिल्या भेटीची नोंद, गरजांची यादी, कुठे पाठवलं, पाठपुरावा कधी. चार पानं पुरतात. खऱ्या व्यक्तीची फाइल नाव खोडूनही जोडू नका. गाव, वय आणि आजार यांवरून माणूस ओळखता येतो आणि मुलाखत घेणारा ते पाहून तुम्हाला बाद करेल.

नोकरी सोडताना महिनाभर आधी प्रत्येक चालू फाइलवर पुढची तारीख आणि पुढचं काम लिहा. ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना दोन भेटी आधी सांगा, आणि शेवटच्या भेटीला नव्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन जा. कामाचा सिम त्याच्या हातात द्या.